एकच घर बाकी

"सोसायटीतील पाइप बदलण्याचे काम संपत आले असून आता एकच घर बाकी आहे." ही नोटीस मी स्वतः लिहिली, स्वतः छापली आणि चार कोपऱ्यांना चार टाचण्या मारून स्वतःच फळ्यावर लावली. जरा तिरकी दिसली म्हणून काढून पुन्हा सरळ केली. त्यामुळे पुढे जे रामायण घडलं, त्यात दुसऱ्या कुणाकडे बोट दाखवायची सोय मी ठेवलीच नव्हती.

माझा धंदा चुका काढण्याचा आहे. सॉफ्टवेअरच्या कंपनीत मी टेस्टर आहे. दुसऱ्याने लिहिलेला कोड चालतो की नाही ते बघायचं, आणि चालत नसेल तर त्याला गोड शब्दांत सांगायचं. बावीस वर्षं मी हे करतोय आणि गोड शब्दांचा साठा केव्हाच संपलाय. घरी मात्र माझ्या या कौशल्याला काडीची किंमत नाही. जेवताना "मीठ कमी वाटतंय" एवढं म्हटलं, की बायको म्हणते, "ऑफिसचं ऑफिसात ठेव."

आणि सासरी तर बोलायलाच नको. सासरी एक डेंटिस्ट आहे. म्हणजे तो सासरी राहत नाही. तो माझ्या लग्नाआधीचा उमेदवार. बायकोसाठी तेव्हा दोन मुलं डोळ्यासमोर होती, मी आणि तो. तो माझ्यापेक्षा चार इंच उंच, त्याच्याकडे तेव्हाच गाडी आणि दात तर काय, धंद्याचेच. वीस वर्षं झाली, पण सासूबाईंची दाढ दुखली की कुणीतरी म्हणतंच, "आज तो असता तर..." मग सगळे माझ्याकडे बघून गप्प बसतात. हे गप्प बसणं मला फार लागतं.

असो. मूळ मुद्दा पाइपांचा.

डेटाबेस म्हणजे तक्त्यांचं कोठार. त्याची भाषा वेगळी, आमच्या प्रोग्रॅमर मंडळींची वेगळी. मध्ये एक दुभाषा लागतो, त्याला ओआरएम म्हणतात. आपण आपल्या भाषेत "अमकी माणसं शोधून दे" म्हणायचं, त्याने कोठारात जाऊन त्यांच्या भाषेत विचारायचं. आमच्या कंपनीने असा दुभाषा घरच्या घरी तयार केलाय आणि त्याला एक नवी विद्या शिकवायचं चाललं होतं: अनेक रकाने एकत्र धरून एकाच वेळी तुलना करायची. म्हणजे इमारत, मजला आणि घर हे तिन्ही आकडे मिळून एक जागा समजायची आणि त्या जागेच्या पुढे कोण कोण येतं ते सांगायचं. ऐकायला सोपं आहे. आमच्या धंद्यात ऐकायला सोपं असतं तिथेच घोडं पेंड खातं.

कोड लिहिला होता दाढीवाल्याने. हा आमचा सर्वात हुशार प्रोग्रॅमर. बोलतो कमी आणि बोललाच तर "माझ्या मशिनवर चालतंय" एवढंच. टेस्ट लिहायच्या होत्या मी. शुक्रवारी नवी आवृत्ती गिऱ्हाइकांकडे जाणार होती आणि तिच्यावर "तपासले" म्हणून माझं नाव जाणार होतं.

मी मन लावून टेस्ट लिहिल्या. तीन रकान्यांसमोर दोनच आकडे दिले तर दुभाषा तक्रार करतो का? करतो. एखादा रकाना कोराच असला तर उगाच अंदाज मारतो का? नाही मारत. अगदी बरोबर जुळणारी जागा सापडते का? सापडते. मग आली "पुढचे कोण" आणि "मागचे कोण" ही तुलना. तिच्यासाठी मी तीन नोंदी बनवल्या: एक-एक-एक, दोन-दोन-दोन आणि तीन-तीन-तीन. किती नीटनेटक्या! मी मुळातच टापटिपीचा माणूस. माझ्या कपाटात मोजेसुद्धा रंगाप्रमाणे लावलेले असतात. दोन-दोन-दोनच्या पुढे कोण? दुभाषा म्हणाला, तीन-तीन-तीन. मागे कोण? एक-एक-एक. पडद्यावर हिरव्या खुणांची रांग लागली. लाल एकही नाही. मला तर भरूनच आलं.

तो सोमवार होता. त्याच संध्याकाळी जिन्यात अध्यक्ष भेटले.

आमच्या सोसायटीचे अध्यक्ष निवृत्त अधिकारी आहेत आणि प्रत्येक गोष्टीचा ठराव करतात. जिन्यातला बल्ब गेला तरी ठराव. आमच्या तीन इमारती आहेत; प्रत्येकीला तळमजला धरून चार मजले, मजल्यावर चार घरं. एकूण अठ्ठेचाळीस. सगळ्यांचे पाण्याचे जुने पाइप बदलायचं काम एक प्लंबर करत होता. मध्ये पंधरा दिवस तो गावाला गेला होता आणि आता परत आला होता.

"कुठवर आलं होतं काम, तेच कळत नाहीये," अध्यक्ष म्हणाले. "माझ्या वहीवर चहा सांडला. प्लंबर दारांच्या चौकटींवर खडूने खुणा करत होता, पण दारं खराब दिसतात म्हणून मी ठराव करून त्या पुसून घेतल्या."

"शेवटचं घर कोणतं केलं, ते आठवतंय त्याला?"

"ते आठवतंय. दुसरी इमारत, दुसरा मजला, तिसरं घर."

माझे डोळे लकाकले. अहो, हे तर माझं दिवसभराचं काम! मी म्हणालो, "अध्यक्षसाहेब, बाकीच्या घरांची यादी उद्या सकाळी तुमच्या हातात." खरं तर कागदावर बोटं मोजून दहा मिनिटांत ती यादी झाली असती. पण हातात नवी कुऱ्हाड आली की माणूस दिसेल त्या झाडाकडे बघतो. मी रहिवाशांचा तक्ता भरला, तळमजल्याला शून्य आकडा दिला आणि आमच्या दुभाष्याला विचारलं: दोन-दोन-तीनच्या पुढे कोण कोण?

उत्तर आलं, एकच घर. तीन-तीन-चार. तिसऱ्या इमारतीचा तिसरा मजला, चौथं घर. म्हणजे खुद्द अध्यक्षांचं.

मला जरा कमी वाटलं, खोटं कशाला बोलू. पण सकाळीच मी त्या हिरव्या खुणा बघितल्या होत्या. आणि आपणच तपासलेल्या गोष्टीवर आपणच संशय घ्यायचा म्हणजे स्वतःच्या पोराला ओळखपत्र मागण्यासारखं आहे.

अध्यक्षांनी यादी वाचली आणि छातीवर हात ठेवला. "म्हणजे सगळ्यांची घरं झाली आणि माझंच तेवढं राहिलं! बघा, मी स्वतःचं शेवटी ठेवलं होतं." त्यांनी असं काहीही ठेवलं नव्हतं, पण स्वतःच्या त्यागाने ते इतके भारावले होते की मध्ये बोलायला माझी जीभ रेटेना.

बोलला तो शेजारी उभा असलेला प्लंबर. "साहेब, मी सत्तावीस घरं केलीत. एकवीस बाकी आहेत."

"तुमच्याकडे लेखी आहे का?" अध्यक्षांनी विचारलं.

"खडूने लिहिलं होतं. तुम्हीच पुसलंत."

"यादी कॉम्प्युटरने काढली आहे. आणि ज्यांनी काढली, त्यांचा धंदाच चुका शोधण्याचा आहे," असं म्हणून अध्यक्षांनी माझ्या पाठीवर थाप मारली. प्लंबर माझ्याकडे बघत राहिला. मी आकाशाकडे बघितलं.

आता तुम्ही म्हणाल, ज्या वीस घरांत कुणी फिरकलंच नव्हतं, त्यांना कळलं नाही? कळलं की! पण छापील नोटिशीपुढे माणसाचं स्वतःच्या डोळ्यांवरचा विश्वास डळमळतो. तिसऱ्या इमारतीत भूगोलाचे निवृत्त सर राहतात. ते मला म्हणाले, "आमच्याकडे कुणी आलेलं आठवत नाही, पण हल्ली म्हणे बाहेरून बाहेरूनच बदलतात." त्यांच्या शेजाऱ्यांना वाटलं, आपण कामावर गेलो असताना झालं असेल. एका बाईंना तर पाण्याची चवही सुधारल्यासारखी वाटली.

एकट्या सासूबाई म्हणाल्या, "माझा पाइप जुनाच आहे."

सासूबाई तिसऱ्या इमारतीत तळमजल्यावर पहिल्या घरात एकट्या राहतात. टपाल कार्यालयात पस्तीस वर्षं पत्रं निवडून खणात लावायचं काम केलेलं, त्यामुळे बोलणं थोडकं आणि पत्त्यासकट. मी त्यांना यादी दाखवली. त्यांनी ती चष्मा लावून वाचली, परत दिली आणि विचारलं, "आणि आमच्या मजल्याला शून्य कुणी केलं?"

"कॉम्प्युटरच्या सोयीसाठी असतं ते, आई."

"राहणाऱ्याला विचारायची पद्धत नसते का?"

बुधवारी अध्यक्षांच्या घरचे पाइप बदलून झाले. गुरुवारी सकाळी आठ वाजता, ठरावाप्रमाणे, जुन्या लाइनचा मुख्य व्हॉल्व्ह अध्यक्षांच्या हस्ते कायमचा बंद करण्यात आला. दहा-बारा माणसं जमली होती. अध्यक्षांनी पाना फिरवला, टाळ्या झाल्या. टाळ्या विरतात न विरतात तोच तिसऱ्या इमारतीच्या दुसऱ्या मजल्यावरून भूगोलाचे सर ओरडले. तोंडाला साबण तसाच, डोळे मिटलेले, एका हाताने गॅलरीचा कठडा चाचपत. मग एकेक खिडकी उघडत गेली. वीस घरांचं, अक्षरशः, तोंडचं पाणी पळालं होतं.

"आधी व्हॉल्व्ह उघडा!" कुणीतरी म्हणालं. पण व्हॉल्व्ह होता तीस वर्षांचा म्हातारा. बंद होताना त्याने कसाबसा मान ठेवला होता, आता उघडायला साफ नकार दिला. प्लंबरने जोर लावला तेव्हा त्याची मूठच हातात आली.

मी हळूच घरी सटकलो. आमचं घर पहिल्या इमारतीत, पाइप नवे कोरे, पाणी धो-धो. "यांचं झालं ना, मग दुसऱ्याचं कशाला बघतील," असं कुणीतरी माझ्या पाठीमागे म्हणाल्याचं मी ऐकलं. बावीस वर्षांच्या नोकरीत माझ्या इज्जतीला इतका मोठा चरा कधी पडला नव्हता. दार उघडलं तर समोर सासूबाई. एका हातात बादली, दुसऱ्या हातात कपड्यांची बॅग.

"पाणी येईपर्यंत इथेच आहे," त्या म्हणाल्या. बायकोने माझ्याकडे बघितलं आणि आईची बादली नळाखाली लावली. त्याहून तिने चार शब्द सुनावले असते तर परवडलं असतं.

तासाभरात अध्यक्ष आले. सोबत नव्या नोटिशीचा मसुदा होता: "प्लंबरने चुकीची माहिती दिल्यामुळे झालेल्या गैरसोयीबद्दल दिलगिरी. सदर प्लंबरला कामावरून कमी करण्यात येत आहे." ते हलक्या आवाजात म्हणाले, "सही कराल ना? तुमचीही अब्रू राहील आणि माझीही."

खरं सांगतो, माझा हात खिशातल्या पेनकडे गेला होता. मी म्हणालो, "दुपारपर्यंत कळवतो." अध्यक्ष गेले. सासूबाई स्वयंपाकघरात बसून सगळं ऐकत होत्या.

"जावईबापू," त्यांनी हाक मारली. "कोण आधी, कोण नंतर, हे तुमचं मशिन ठरवतं कसं?"

मी कागद घेतला. "हे बघा आई, प्लंबर होता दोन-दोन-तीनला. तुमचं घर तीन-शून्य-एक. आता मशिन बघतं, तुमची इमारत तीन, दोनापेक्षा मोठी, ठीक. मग तुमचा मजला शून्य, तो दोनापेक्षा..."

"माझा मजला कशाला विचारतंय ते?"

"म्हणजे?"

"पत्र लावताना आधी गाव बघायचं," सासूबाई म्हणाल्या. "गाव वेगळं असेल तर तिथेच निकाल. मग रस्ता आणि घर नंबर बघायचा प्रश्नच येत नाही. गाव एकच असेल तर रस्ता बघायचा. रस्ताही एकच असेल, तर आणि तरच घर. माझी इमारत प्लंबरच्या पुढची आहे. संपलं. माझा मजला शून्य असो नाहीतर शंभर, त्याला काय करायचंय?"

मी कागदावर तीन-शून्य-एक पुन्हा लिहून बघितलं. आमचा दुभाषा प्रत्येक रकाना वेगवेगळा विचारत होता: इमारत मोठी आहे का, आणि मजलाही मोठा आहे का, आणि घराचा आकडाही मोठा आहे का? तिन्ही बाबतीत मोठा असेल तोच पुढे! अठ्ठेचाळीस घरांत असा एकच नग होता, अध्यक्ष. आणि माझ्या त्या देखण्या नोंदींत, एक-एक-एक, दोन-दोन-दोन आणि तीन-तीन-तीन, प्रत्येक जण सगळ्याच बाबतीत मोठा होता. चुकीला उभं राहायला मी जागाच ठेवली नव्हती. सगळ्याच बाबतीत पुढे असलेली माणसं जगात कितीशी असतात? एक आमचे अध्यक्ष आणि एक तो डेंटिस्ट.

"दिव्याखाली अंधार," मी म्हणालो.

"दिवा ऑफिसातही नेणार असशील ना उद्या?" बायकोने विचारलं.

मी कॅलेंडरकडे बघितलं. उद्या शुक्रवार! हाच दुभाषा, हीच खोड घेऊन गिऱ्हाइकांकडे निघाला होता. कुणा-कुणाच्या याद्या त्यातून निघणार होत्या देव जाणे, आणि प्रत्येक यादीतून कुणाच्या तरी सासूबाई गळणार होत्या. मी चपला घातल्या आणि तडक ऑफिस गाठलं.

आमच्या टीमच्या प्रमुखांना सगळे ताई म्हणतात. त्या माझ्यापेक्षा नऊ वर्षांनी लहान आहेत, पण चूक केलेल्या माणसाला त्या नऊ वर्षांनी मोठ्या वाटतात. दाढीवाला तिथेच होता.

"सगळ्या टेस्ट हिरव्या आहेत," तो म्हणाला. "माझ्या मशिनवर..."

"एक नोंद घाल," मी म्हणालो. "तीन, शून्य, एक. आणि विचार, दोन-दोन-तीनच्या पुढे कोण?"

त्याने घातली. पडद्यावर लाल रेघ उमटली. दाढीवाल्याने दाढी खाजवली, मग हळूच माझ्या कानाशी लागून म्हणाला, "सोड ना, आपण म्हणू की मागणीच अर्धवट लिहिली होती. दोघंही सुटतो."

एका दिवसात दुसऱ्यांदा मला कुणीतरी पळवाट आणून देत होतं, आणि खरंच मोह होत होता. पण सकाळपासून तो प्लंबर डोळ्यांसमोरून हलत नव्हता. बिचाऱ्याने एकट्याने खरा आकडा सांगितला होता आणि माझ्या हिरव्या खुणांनी त्याला खोटं पाडलं होतं.

"ताई," मी म्हणालो, "कोड चुकला तो याचा. पण तपासला मी, आणि सोपं पडेल असं तपासलं. माझं चुकलं. उद्याची आवृत्ती थांबवा."

ताईंनी ती टेस्ट स्वतः पुन्हा चालवून बघितली. मग म्हणाल्या, "थांबवली. दुरुस्त करा, सोमवारी पाठवू. पण मला सांगा, ही तीन-शून्य-एक कुणाला सुचली?"

"सासूबाईंना."

"त्या नोकरी शोधतायत का?" ताईंनी विचारलं. दाढीवाला पहिल्यांदाच हसला.

संध्याकाळी मी अध्यक्षांचा मसुदा त्यांना परत केला आणि फळ्यावर माझी नोटीस लावली. "प्लंबरने सांगितलेला आकडा बरोबर होता. यादी मी काढली आणि ती चुकीची होती. माझं चुकलं. आता वीस घरं बाकी आहेत." टाचण्या चारच मारल्या, पण या वेळी कागद सरळ आहे की नाही ते बघायला थांबलो नाही. अध्यक्ष म्हणाले, "फार स्पष्ट लिहिलंत." आणि लगेच माझ्या निषेधाचा ठराव मांडला. तो मंजूर झाला. अनुमोदन भूगोलाच्या सरांनी दिलं. त्यांच्या एका कानात अजून साबण होता. प्लंबर मात्र माझ्याजवळ आला, खिशातून खडू काढला आणि माझ्या हातात ठेवला. "तुमच्या मशिनपेक्षा हा बरा," म्हणाला. पुढचे चार दिवस प्रत्येक घर झालं की चौकटीवर खूण करायला मला बोलवायचा. अध्यक्ष बघायचे, पण पुसायचा ठराव काही त्यांनी केला नाही.

तिसऱ्या इमारतीत तळमजल्यावर काम झालं तेव्हा चौकटीवर खूण करून मी आत गेलो. सासूबाईंनी नवा नळ सोडून दाखवला आणि चहा टाकला. दोन घोट घेतले. मग मला राहवेना. इतकी वर्षं जिभेवर असलेला प्रश्न बाहेर पडला.

"आई, एक विचारू? तुम्ही त्या वेळी आमची दोघांची तुलना केलीच असणार. मी आणि तो डेंटिस्ट. उंची, गाडी, कमाई, सगळ्यात तो पुढे होता. मग?"

सासूबाईंनी कप खाली ठेवला.

"तुम्ही दोघंही एकाच आठवड्यात घरी येऊन गेलात. तेव्हा स्वयंपाकघरातला नळ गळत होता. तो म्हणाला, प्लंबरला बोलवा. शहाणा मुलगा. तुम्ही म्हणालात, मी बघतो. नळ उपटून हातात घेतलात आणि घरभर पाणी केलंत."

"मला आठवतंय," मी मान खाली घालून म्हणालो.

"त्याच्या हातून दारातली कुंडी फुटली होती. तो म्हणाला, कुंडीच चुकीच्या जागी ठेवलीय. तुम्ही पँट गुडघ्यापर्यंत वर करून तासभर फरशी पुसलीत आणि दर पाच मिनिटांनी म्हणत होतात, माझं चुकलं." त्यांनी कप पुन्हा उचलला. "माझा पहिला रकाना तोच होता. चुकल्यावर माणूस 'माझं चुकलं' म्हणतो का? तिथे तुम्ही पुढे निघालात."

"आणि बाकीचे रकाने?"

"ते कशाला बघू?" सासूबाई म्हणाल्या. "गाव वेगळं होतं."

मी उठलो, दोन्ही कप उचलले आणि नव्या नळाखाली धुवायला घेतले. ऑफिसात त्या टेस्टला आता 'सासूबाई' असंच नाव पडलंय. कुणीही दुभाष्याच्या कोडला हात लावला की दाढीवाला पहिल्यांदा विचारतो, "सासूबाई पास झाल्या का?" मी त्याला सांगत नाही, पण माझ्या माहितीप्रमाणे प्रकार उलटा आहे. वीस वर्षांपूर्वी परीक्षा त्यांनी घेतली होती, आणि पास मी झालो होतो.